खर्ज हरवतो कुठे?

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून निघालेला नोकरदार मोशीच्या चौकात पोचेपर्यंत गाडीत चार-पाच गाणी सहज ऐकून होतात. पुणे-नाशिक महामार्गावरची कोंडी ध्यानात घेतली, तर हा आकडा आणखी वाढतो. गाडीतील ध्वनियंत्रणा फार भारी नसते. दारांच्या पत्र्यामागे बसवलेले दोन-चार स्पीकर, एवढेच. तरीही ढोलाचा ठेका छातीत जाणवतो आणि डग्ग्याचा घुमारा आसनातून पाठीपर्यंत येतो. हाच श्रोता घरी पोचतो, गाडीतल्यापेक्षा कितीतरी महाग असलेला स्टिरिओ लावतो, तेच गाणे सुरू करतो आणि डग्गा वाजू लागतो तो पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखा.

पुढचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. आधी निदान होते, ‘स्पीकर गेले.’ मग उपाय सुचतो, ‘सबवूफर घेऊन टाकू.’ दुकानदाराला दोन्ही मान्य असते. प्रत्यक्षात मात्र घरच्या स्टिरिओतील खर्ज, म्हणजे ज्याला सर्रास ‘बास’ म्हटले जाते तो, यंत्र बिघडल्यामुळे हरवण्याचे प्रसंग तुलनेने थोडे असतात. तो हरवतो उलट्या जोडलेल्या तारेत, चुकीच्या एखाद्या सेटिंगमध्ये आणि सर्वांत अधिक खुद्द खोलीत. या तिन्ही ठिकाणी शोध घ्यायला एक रुपयाही लागत नाही. लागतो तो रविवारचा दीड-दोन तासांचा वेळ आणि घरातल्या एका माणसाची मदत.

गाडीत जमते, घरात का नाही?

गाडी आणि घर यांची तुलना वरवर अन्यायाची वाटते. पण खर्जाचे सारे कोडे त्या तुलनेतच उलगडते. आवाजाच्या लाटेची लांबी तिच्या कंपनसंख्येवर ठरते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर. सेकंदाला ५० कंपने, म्हणजे ५० हर्ट्झचा सूर घेतला, तर त्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब भरते. ५००० हर्ट्झच्या सुराची, झांजेच्या किणकिणाटातील सुराची म्हणू या, लाट मात्र जेमतेम सात सेंटिमीटर. खर्जाची लाट खोलीएवढी आणि झांजेची तळहाताएवढी, असा हा फरक आहे.

मोटारीच्या आतली पोकळी साधारण अडीच मीटर लांब असते. सत्तर हर्ट्झच्या खालची लाट तिच्यात नीट पसरूच शकत नाही. मग स्पीकरचा पडदा सायकलच्या पंपासारखे काम करू लागतो. तो पुढे आला की साऱ्या गाडीतील हवेचा दाब वाढतो, मागे गेला की घटतो, आणि तो दाब कानाला खर्ज म्हणून ऐकू येतो. सूर जितका खालचा, तितकी गाडीच्या बंद पोकळीची ही फुकटची मदत अधिक. कारसाठी ध्वनियंत्रणा तयार करणारे अभियंते ही मदत गृहीत धरूनच आराखडा आखतात. त्यांपैकी एक मोठे नाव याच पट्ट्यात आहे. जेबीएल आणि हर्मन कार्डन ही नावे ज्या हर्मन समूहाची, त्याचा कारखाना चाकणला २०१४ पासून आहे. तो समूह २०१७ मध्ये सॅमसंगने घेतला. तेथे मोटारीतील यंत्रणा तयार होतात, आणि त्या ज्या गाडीत बसायच्या, तिच्या आतल्या जागेचा हिशेब आधीच झालेला असतो.

घरातील दिवाणखान्याचा असा हिशेब कोणी केलेला नसतो. तेथे पोकळी मोठी, दारे उघडी, पलीकडे जेवणाची जागा आणि ओटा. स्पीकर कोठे ठेवायचा हे टीव्हीच्या कपाटावर ठरते आणि श्रोता कोठे बसणार हे सोफ्यावर. गाडीतील खर्ज हा गाडीचा गुण होता, स्पीकरचा नव्हे, हे एकदा ध्यानात आले की घरातील स्पीकरवरचा निम्मा राग ओसरतो.

आधी तारा पाहाव्यात

घरी खर्ज कमी वाटण्याचे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे कारण म्हणजे दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या जाणे. अॅम्प्लिफायरच्या मागे प्रत्येक स्पीकरसाठी एक तांबडे आणि एक काळे टोक असते. स्पीकरच्या मागेही तशीच दोन. तांबड्याला तांबडे आणि काळ्याला काळे जोडले, तर दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे येतात. एका बाजूला अदलाबदल झाली, की एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. झांजेच्या तळहाताएवढ्या लाटेवर त्याचा परिणाम डोके हलवले तरी बदलतो, म्हणून तो जाणवत नाही. सात मीटरच्या लाटेला मात्र दोन स्पीकरमधील पाच-सहा फुटांचे अंतर काहीच नाही. दोन्ही लाटा समोरासमोर येऊन एकमेकींना खाऊन टाकतात. यंत्र सुस्थितीत, स्पीकर सुस्थितीत, आणि खर्ज नाही.

ही चूक होते कधी? दिवाळीची साफसफाई, घराला रंग, भाड्याचे घर बदलणे, नव्या फ्लॅटमध्ये प्रवेश. पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांना घर बदलण्याचा प्रसंग तसा वरचेवर येतो. शिवाय नव्या घरात तारा भिंतीतून नेण्याची हौस असते. इलेक्ट्रिशियनने दोन्ही तारा एकाच रंगाच्या ओढल्या आणि भिंत बुजवली, की दुसऱ्या टोकाला कोणती तार कोणती हे सांगणारा कोणी उरत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. खर्ज भरपूर असलेले ओळखीचे गाणे लावावे, दोन्ही स्पीकरच्या मधोमध बसावे आणि बॅलन्सचे बटन एका बाजूला पूर्ण फिरवावे, म्हणजे एकच स्पीकर वाजू लागेल. एक स्पीकर बंद झाल्यावर खर्ज थोडा कमी व्हायला हवा. तो उलट वाढला, तर तारा उलट्या आहेत असे समजायला हरकत नाही. दुसरी खूण गायकाच्या आवाजाची. तारा बरोबर असतील, तर आवाज दोन स्पीकरच्या ऐन मधून येतो. उलट्या असतील, तर तो खोलीभर पसरलेला आणि नेमका कोठून येतो हे न कळणारा वाटतो.

शंका उरली तर अॅम्प्लिफायरचा प्लग काढून, फक्त एकाच स्पीकरच्या दोन्ही तारांची अदलाबदल करावी आणि पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरदार, ती बरोबर. दोन्ही स्पीकरच्या तारा एकदम उलटवू नयेत. तसे केले, तर आधी होते तेच पुन्हा होईल. यंत्र चालू असताना तारांना हात लावू नये, कारण दोन उघड्या टोकांचा क्षणभर जरी स्पर्श झाला, तरी आतील महागडे भाग जळू शकतात. भिंतीत गेलेल्या एकरंगी तारांची ओळख पटवायला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. तारा अॅम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवाव्यात आणि सेलची दोन टोके त्यांना क्षणभर लावावीत. त्याच वेळी मदतनीसाने वूफरच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या पडद्याकडे पाहावे. पडदा बाहेर आला, तर सेलचे धन टोक ज्या तारेला लागले ती तांबड्या टोकाची.

तारांचा विषय निघाला आहे, तर जाडीचेही बोलायला हवे, कारण ‘खर्जासाठी खास’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तारांची किंमत कधीकधी स्पीकरच्या बरोबरीला जाते. घराच्या वायरिंगला वापरतात त्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा अवरोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. स्पीकर पाच मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे ०.१२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ही गोष्ट नगण्य ठरते. दारावरच्या घंटीला वापरतात तसली केसासारखी तार मात्र बदलावी. त्यापलीकडे तारेवर खर्च करणे हे कानापेक्षा मनाच्या समाधानासाठी असते.

सेटिंगमध्ये लपलेला खर्ज

तारा बरोबर निघाल्या, तर पुढची पायरी बटनांची. जुन्या डेकवर बास आणि ट्रेबल अशी दोनच बटने होती आणि बिघाड डोळ्यांना दिसत असे. आताच्या यंत्रांत तो पडद्यामागच्या याद्यांत दडतो. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये ‘सबवूफर आहे का?’ असा एक प्रश्न असतो. घरात सबवूफर नसताना तेथे ‘आहे’ असे राहिले, तर यंत्र सारा खालचा सूर त्या रिकाम्या सॉकेटकडे पाठवते आणि दोन्ही स्पीकरना त्यातले काहीच मिळत नाही. स्पीकर ‘लहान’ की ‘मोठे’ हा दुसरा प्रश्न. ‘लहान’ म्हटले की ठरावीक मर्यादेखालचा, बहुधा ८० हर्ट्झखालचा आवाज त्यांच्याकडे जाणे थांबते. सबवूफर असेल तर ते योग्यच आहे. नसेल तर खर्जावर स्वतःच्या हाताने कुलूप लावल्यासारखे होते.

टीव्हीतील ‘नाइट मोड’, मोबाइलमधील इक्वलायझर, ब्लूटूथ स्पीकरच्या अॅपमधील ‘संवाद स्पष्ट’ अशी सोय, यांपैकी काहीही एखाद्या मुलाने कधीतरी दाबलेले असू शकते. सारे मूळ स्थितीवर आणून, टीव्ही व मोबाइल बाजूला ठेवून, एखाद्या सीडी प्लेअरवरून किंवा पेन ड्राइव्हवरून थेट ऐकले, की दोष यंत्राच्या पुढे आहे की मागे हे कळते.

या टप्प्यावर एक गोष्ट अशी आहे की जिला बिघाड म्हणताच येत नाही. आवाज हळू ठेवला की खर्ज आपोआप कमी ऐकू येतो. हा दोष कानाचा, खरे तर कानाच्या रचनेचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याची मोजणी प्रसिद्ध केली. नंतरच्या मोजण्यांनी तिच्यात सुधारणा केली, पण मुख्य निष्कर्ष टिकून राहिला. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या सुराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. आवाज वाढवत नेला की ही तफावत कमी होते. दिवसा भरदार वाजणारा स्टिरिओ रात्री अकराला पोकळ वाटतो तो यामुळे. जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटन असे ते नेमके यासाठीच. हळू ऐकताना ते खालचे सूर थोडे उचलून धरत असे. पुष्कळ घरांत ते दिवसरात्र दाबलेले असायचे, हा भाग निराळा.

कारखान्याच्या पट्ट्यात आणखी एक शक्यता दुर्लक्षून चालत नाही. प्रेस शॉपमधील किंवा फोर्जिंगच्या विभागातील सततचा गोंगाट कानावर परिणाम करतो तेव्हा पहिला फटका ४००० हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या सुरांना बसतो, खर्जाला नव्हे. अशा श्रोत्याला आवाज एकूणच बोथट वाटतो आणि त्याला तो ‘दम नाही’ असे म्हणतो. घरातील इतरांना तोच स्टिरिओ ठीक वाटत असेल आणि त्या एकालाच बोथट, तर दुकानात जाण्याआधी कारखान्याच्या वैद्यकीय विभागात श्रवणचाचणी करून घेणे अधिक गरजेचे आहे. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ९० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. ती ओलांडणाऱ्या जागी कानातले बोळे खिशात ठेवून काम करणाऱ्याला घरचा स्टिरिओ दुरुस्त करून काही मिळणार नाही.

सर्वांत मानाची जागा, सर्वांत कमी खर्ज

तारा ठीक, सेटिंग ठीक, तरीही खर्ज नाही, तर संशय खोलीवर घ्यावा. बहुतेकदा तो खरा ठरतो.

फ्लॅटमधील नेहमीचा दिवाणखाना घेऊ या. सोळा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये खर्जाची लाट पुढे-मागे आदळते आणि काही ठरावीक सुरांना ती स्वतःवरच रचली जाते, जशी बादली हलवली की पाणी ठरावीक ठेक्यात हिंदकळते. या खोलीत लांबीच्या दिशेने ते सुमारे ३५ हर्ट्झला घडते, रुंदीच्या दिशेने ५६ ला आणि उंचीच्या दिशेने ५९ ला. हिंदकळणाऱ्या बादलीत कडेला पाणी वर-खाली होते, पण ऐन मध्यावर ते जागचे हलत नाही. खोलीतही तसेच. भिंतीपाशी आणि कोपऱ्यात या सुरांचा दाब सर्वाधिक, मधोमध जवळजवळ शून्य. आता सोफा कोठे असतो? दोन्ही स्पीकरच्या समोर, रुंदीच्या मधोमध, आणि मागून जायला वाट राहावी म्हणून भिंतीपासून पुढे ओढलेला, म्हणजे लांबीच्याही मध्याकडे. घरातील सर्वांत मानाच्या आसनावर खर्ज सर्वांत कमी पोचतो तो असा. पाहुणे म्हणून आलेले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले काका मात्र म्हणतात, ‘बास जरा जास्तच आहे हो तुमच्याकडे.’ दोघेही खरे बोलत असतात.

वरच्या आकड्यांत आणखी एक अडचण आहे. ५६ आणि ५९ हे दोन सूर इतके जवळ आहेत की ते एकमेकांवर चढतात. परिणामी त्या भोवतालचा एखादा सूर कोपऱ्यात घोंगावतो आणि त्याच्या शेजारचा ऐकूच येत नाही. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असणे हा लहान खोल्यांचा जन्मजात दोष आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या वसाहतींतील जुन्या घरांना विटांच्या भिंती आहेत. अलीकडे मोशी, चिखली, रावेत या भागांत उभ्या राहिलेल्या अनेक इमारतींत अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. बांधकामाला ते वेगवान आणि मजबूत असते. पण काँक्रीट खालचा सूर जवळजवळ काहीच शोषत नाही, सगळा परत फेकते. त्यामुळे अशा घरांत खर्जाचे उंचवटे आणि खड्डे अधिक तीव्र होतात.

स्पीकरच्या मागची भिंतही आपला वाटा उचलते. खर्ज स्पीकरच्या पुढेच जात नाही, तो सर्व दिशांना पसरतो. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते. स्पीकर भिंतीपासून तीन फुटांवर असेल, तर सुमारे ९४ हर्ट्झचा सूर परत येईपर्यंत नेमका उलटा झालेला असतो आणि पुढे जाणाऱ्या लाटेला मारतो. डग्ग्याच्या आवाजाचा मोठा भाग या परिसरात असतो. म्हणजे ‘स्पीकरला मोकळी हवा मिळू द्या’ या सल्ल्याने तीन फूट पुढे आणलेला स्पीकर डग्ग्यालाच गिळतो. तोच स्पीकर भिंतीलगत सरकवला, तर तो खड्डा वरच्या सुरांकडे सरकतो, जेथे तो तितकासा जाणवत नाही, आणि भिंतीच्या आधाराने खालचा आवाज वाढतो. कोपऱ्यात ठेवला तर आणखी वाढतो, कधी नको इतका.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी फर्निचर हलवावे. सोफा मागच्या भिंतीकडे एक-दीड फूट सरकवावा. स्पीकर भिंतीपासून वीतभर, मग हातभर, असे दोन-तीन जागी ठेवून तेच गाणे ऐकावे. दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा त्रिकोण राखावा, पण साऱ्या रचनेने खोलीचा ऐन मध्य टाळावा. बाल्कनीचे सरकते दार उघडे ठेवून आणि लावून, दोन्ही वेळा ऐकावे. फरक चकित करणारा असतो. अॅल्युमिनियमची सरकती खिडकी किंवा कपाटावर ठेवलेली ताटे झणझणू लागली, तर तो खर्ज नव्हे. रबराची पट्टी किंवा कागदाची घडी लावून तो आवाज आधी थांबवावा, म्हणजे खरा खर्ज ऐकू येईल.

येथे एका लोकप्रिय उपायाची वासलात लावायला हवी. अंड्यांचे ट्रे, स्पंजाचे चौकोन आणि जाड पडदे खोलीतील प्रतिध्वनी कमी करतात, पण तो वरच्या सुरांचा. ५० हर्ट्झच्या लाटेला रोखायला मऊ पदार्थाचा थर पावणेदोन मीटरच्या आसपास जाडीचा लागेल. तेवढी जागा असती, तर स्वतंत्र खोलीच बांधता आली असती.

स्पीकरचा दोष असेल तर

इतके करूनही एकाच बाजूचा आवाज पोकळ राहिला, तर दोन्ही स्पीकरची जागा बदलावी. दोष स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर तो स्पीकरचा. जागच्या जागी राहिला, तर अॅम्प्लिफायरचा, तारेचा किंवा त्या कोपऱ्याचा.

जुन्या स्पीकरमध्ये सर्वांत आधी झिजते ती पडद्याच्या कडेची फोमची कडी. हवेतील ओलावा आणि उष्णता यांनी दहा-पंधरा वर्षांत फोम भुसभुशीत होतो आणि बोट लावताच तुकडे पडतात. कडी गेली की पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकांत मिसळते आणि खर्ज मरतो. रबराची कडी अधिक टिकते. जाळी काढून टॉर्चच्या उजेडात पाहावे. यंत्र बंद असताना पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा, हलकेच आत दाबावा. खरखर झाली, तर आतली तारेची गुंडाळी चुंबकाला घासते आहे. लाकडी भुशाच्या फळीची पेटी पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि सांध्यांतून हवा गळू लागते. मागचे स्क्रू सैल होतात. उंदीर आत शिरून कापूस बाहेर काढतो. यांतील बहुतेक दुरुस्ती नव्या स्पीकरपेक्षा कितीतरी स्वस्तात होते. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात हे सर्वश्रुत आहे. पिंपरी कॅम्पच्या बाजारातही दुरुस्तीची चौकशी करता येते. जुना पडदा बदलायचा झाल्यास मूळ मापाचाच घ्यावा. पेटीचे आकारमान आणि तिच्या छिद्राची लांबी त्या विशिष्ट स्पीकरच्या गुणांवरून ठरवलेली असते. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडलेले आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलेले गणित यामागे आहे. ‘जो बसेल तो’ लावलेला मोठा वूफर त्या पेटीत मूळपेक्षा वाईट वाजू शकतो.

काही स्पीकरमध्ये मात्र दोष नसतोच, केवळ मर्यादा असते. त्याच जोराने आवाज काढायचा, तर १०० हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर येताना पडद्याला चौपट अधिक हलावे लागते. चार इंची पडदा तेवढा हलू शकत नाही. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाजही हवा, या तीन मागण्यांपैकी दोनच पुऱ्या होतात. ध्वनितज्ज्ञ हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम कोणत्याही जाहिरातीने मोडलेला नाही. पेटीवर छापलेले हजारो ‘पीएमपीओ’ वॅट त्याला अपवाद नाहीत. तो आकडा क्षणिक, कागदी शक्तीचा असतो. पाहायचा तो ‘आरएमएस’. त्यातही वॅट दुप्पट केले तरी आवाज तीन डेसिबलनेच वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच.

भिंतीपलीकडचा माणूस

अशा लहान स्पीकरना सबवूफरची जोड देणे रास्त आहे. पण त्या आधी भिंतीपलीकडे कोण आहे याचा विचार व्हायला हवा. मराठीत ‘बास’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि एका घरातील पहिला अर्थ शेजारच्या घरात दुसरा ठरायला वेळ लागत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न इतर शहरांपेक्षा टोकदार आहे, कारण येथे रात्र सर्वांची एकाच वेळी होत नाही. एकाच मजल्यावर एक घर पहिल्या पाळीचे, एक तिसऱ्या पाळीचे. संध्याकाळी सहाचा स्टिरिओ कोणाच्या तरी मध्यरात्री वाजत असतो.

कायद्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २००० मधील ध्वनिप्रदूषण नियमांनी ती घातली. तीत एक फट आहे. ही मोजणी कानाच्या संवेदनक्षमतेशी जुळवून घेतलेल्या मापाने होते आणि त्या मापात ५० हर्ट्झचा सूर सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटर मर्यादेत दाखवतो आणि शेजाऱ्याची भिंत थरथरत असते. भिंत वरचे सूर बऱ्यापैकी अडवते, खालचे फारसे नाही. म्हणून पलीकडे गाणे पोचत नाही, नुसता ‘धप धप’ पोचतो. रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला तोच असह्य होतो.

सबवूफर घेतलाच, तर त्याची जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. तो तात्पुरता श्रोत्याच्या आसनावर ठेवावा, खर्जाचे गाणे लावावे आणि श्रोत्याने गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेने खोलीभर फिरावे. ज्या ठिकाणी खर्ज घोंगावत नाही, पण प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. (हा कार्यक्रम पडदे लावून करावा.) शेजाऱ्याशी सामाईक असलेली भिंत यादीतून आधीच वगळावी. जमिनीवर थेट न ठेवता खाली जाड रबराचे तुकडे द्यावेत, म्हणजे थरथर स्लॅबमधून खालच्या घरात कमी उतरते. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून, मागे असलेले शून्य आणि १८० अंशांचे बटन दोन्ही बाजूंना करून पाहावे. ज्यात खर्ज भरतो ते ठेवावे. आवाजाचे बटन हळूहळू वर न्यावे आणि सबवूफर वेगळा ऐकू यायला लागला की तेथून थोडे मागे यावे. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन खुणा बटनाशेजारी पेन्सिलीने करून ठेवल्या, तर दर वेळी नव्याने शोधायला नको. तिसऱ्या पाळीचे शेजारी कोणत्या आठवड्यात कधी झोपतात हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल.